पासष्टावा पत्रा

“मर्व, शिडी घट्ट धरा हं. मी पडले तरी चालेल, कॅमेरा पडता कामा नये,” मरामा वरून म्हणाली.

मर्विन ग्रिग्ज यांनी शिडीचे पाय बुटांनी दाबून धरले.

कोवाई बंदराच्या धक्क्यावरचा हा पुतळा नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच घडवला होता. लेखक फर्गस ऑल्डन, अंगभर पोलादी पत्रे, आणि प्रत्येक पत्र्यात आरपार कापलेले त्याचे एकेक वाक्य. आता विद्यापीठातली मरामा पेने प्रत्येक पत्र्याचे छायाचित्र घेऊन वाक्य मुळाशी ताडून पाहत होती. ज्याचे वाक्य जुळणार नाही, तो पत्रा भंगारात जाणार होता.

पत्रे होते पासष्ट. पुतळा समितीने वाक्ये दिली होती चौसष्ट. डाव्या मनगटावरचा पत्रा कोराच राहत होता, आणि तंत्रविद्यालयात शिकलेल्या माणसाला अर्धवट काम उभे करवत नाही. त्यांची बायको ऐव्हिस वारून तेव्हा महिना झाला होता. मर्विन यांनी पाकिटातून तिची चिठ्ठी काढली. एकाहत्तरच्या जुलैत, तिथल्या ऐन हिवाळ्यात, ते रात्री गोदीत असत, ती दिवसा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिसऱ्या खुर्चीवर. गाठभेट अशी नव्हतीच. तेव्हा तिने ती त्यांच्या जेवणाच्या डब्यात ठेवली होती. आयुष्यभरात त्यांना मिळालेली तिची तेवढी एकच चिठ्ठी. ते शब्द त्यांनी मनगटावर कापले आणि कुणापाशी ब्र काढला नाही.

ऐव्हिसला हे मुळीच रुचले नसते. ऑल्डनचे एकही पुस्तक तिने घरात येऊ दिले नव्हते. तो रेडिओवर बोलू लागला, की ती बटण फिरवून भांडी घासायला उठे.

“चौसष्ट झाली, सगळी जुळली!” मरामा खाली उतरली. “आता मनगट.”

“गार दक्षिणवारा सुटतोय, पोरी. उद्या बघू.”

“एकासाठी उद्या? घरी चहा निवतोय की काय तुमचा?”

“चहा करणारं माणूस आहे कुठं घरी?”

ती ओशाळली. “चुकलंच माझं. बरं, टोपी आडवी धरा जरा. पत्रा चमक मारतोय.”

स्वतःच्याच टोपीची सावली त्यांना त्या शब्दांवर धरावी लागली. कॅमेरा वाजला.

“‘वारा पडला की ये. दार नुसतं लोटलेलं असेल,’” मरामाने वाचले. तिच्या कपाळाला आठी पडली. “हे त्याच्या कुठल्याच पुस्तकात नाही.”

मर्विन शिडीजवळ सरकले. “मरामा, मला काही सांगायचंय. ते वाक्य...”

“थांबा, थांबा!” ती कागदांची चळत भराभर उलटू लागली. मग एकाएकी हसली. “जुळलं! मर्व, त्याचंच आहे हे!”

“त्याचं?”

“पत्रातलं. स्वतः लिहिलेल्या पत्रांच्या प्रती तो ठेवून घ्यायचा. ती पेटी गेल्याच महिन्यात उघडली, माझ्याशिवाय अजून कुणी वाचलेलीसुद्धा नाही. तुमच्या समितीला कुठनं मिळालं हो हे?”

वाऱ्याने मर्विन यांची टोपी उडाली, तरी त्यांचा हात तसाच वर राहिला.

“कुणाला लिहिलंय?” त्यांनी शेवटी विचारले.

“बाईचं नाव कुठंच नाही,” मरामाने कागद उजेडाकडे धरला. “जुलै एकाहत्तर. आणि पत्ता एवढाच: टेलिफोन एक्स्चेंज, तिसरी खुर्ची.”