समोरची बाजू

दोन महिने दारोदार प्रचार करून तिच्या पायांचे तुकडे पडले होते, आणि काल तिचा पक्ष सपाटून हरला. आज कॉलेजात लेखनाच्या तासाला सर म्हणाले, "शिव्या देऊन झाल्या असतील, तर आता जिंकणाऱ्यांना मत दिलेल्या एखाद्या माणसाची बाजू लिहा. खोटी वाटता कामा नये."

घरी येऊन तिने बॅग पलंगावर टाकली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

"असं एकही माणूस माझ्या ओळखीचं नाही. लिहू काय, कपाळ?"

"मला विचार," आई म्हणाली. "मी दिलंय."

तिला वाटलं, आई थट्टा करतेय. पण टॉवेलची घडी पुरी होईपर्यंत आईने वर पाहिलं नाही.

"गेल्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा समोरची बाई सकाळ-संध्याकाळ डोळ्यात थेंब घालायला यायची. त्यांची कार्यकर्ती आहे ती. तीन आठवड्यांत एक दिवस चुकली नाही."

"आणि मग मत मागितलं असेल."

"नाही मागितलं. म्हणून तर दिलं."

भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. टेबलाशी बसून तिने आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. फक्त 'आई'च्या जागी 'एक बाई' लिहिलं.

चार दिवसांनी वही परत आली. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क तिलाच होते. खाली सरांचा शेरा होता, 'बाई अगदी डोळ्यांपुढे उभी राहिली. एवढंच विचारावंसं वाटतं, तिच्या घरात दुसरं कोणीच नव्हतं का?'