स्वस्तातली खोली

व्हिएन्नातल्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत रालित्सा आणि यूडिथ बल्गेरियातल्या सोफिया शहराच्या सहलीचा हिशेब मांडून बसल्या होत्या. विमानाची तिकिटं स्वस्तात मिळत होती, ट्रॅम आणि खाणंपिणं तर तिथे कवडीमोल. अडलं होतं ते फक्त राहण्यापाशी.

"अगं, तुझंच गाव की ते. तुझ्या आईकडे राहू," यूडिथ म्हणाली.

"नको गं बाई! एकदा तिच्या तावडीत सापडलो की खाऊ घालून घालून मारेल. वर लग्नाचं टुमणं आहेच. मी येतेय हे तिला सांगतच नाही या वेळी."

यूडिथने फोन पुढे केला. "मग ही बघ, सगळ्यात स्वस्त खोली. बाई एकटीच राहते म्हणे. मी विचारून ठेवलंय तिला, मध्येच घरचं कुणी टपकणार नाही ना म्हणून."

रालित्साने फोटो पाहिला. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, दर वाढदिवसाला तिला तिथे उभी करून आईने मारलेल्या.

ती काही बोलणार, तोच उत्तर आलं. यूडिथने ते मोठ्याने वाचलं, "निर्धास्त या. सकाळी चीज घातलेली गरम बनित्सा करून देईन, तिचे पैसे नकोत. आणि मध्येच कुणी यायचा प्रश्नच नाही. खोली माझ्या मुलीची आहे."