पलंगामागची भिंत

"हाही नको," मुलगी म्हणाली आणि तिने मावशींच्या पाठीमागचा पुठ्ठा उचलून खुर्चीवरच्या नापासांच्या ढिगात टाकला.

हा ओल्या वाळूच्या रंगाचा होता. त्याआधी बदामी गेला होता, त्याच्याआधी गव्हाळ, आणि अगदी पहिल्या फटक्यात हस्तिदंती. पेंटर जुना रंग खरवडून, भेगांमध्ये लांबी भरून, भिंत पांढरी करून गेला होता आणि आता नव्या रंगाच्या नावाची वाट बघत होता. मावशींनी प्रत्येक रंगाची लहान डबी आणून मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात दिले होते आणि ते नीट वाळवून आणले होते. ओला रंग खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलेली बाई. नमुना चोख हवा, मग निकाल काहीही येवो.

निकाल मात्र सारखा एकच येत होता.

पुढच्या आठवड्यात त्यांचं आणि मुलीच्या बाबांचं लग्न होतं, नोंदणी पद्धतीने, चार माणसांत. मुलीची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून ही खोली बंद होती आणि बाबा हॉलमधल्या दिवाणावर झोपत होते. मावशींना काय हाक मारायची यावर पहिल्या भेटीत बराच खल झाला होता. मग काकू नको, आई तर नकोच, असं होत होत गाडी मावशीवर येऊन थांबली. खोली नव्याने सजवायची कल्पना मुलीचीच. "भडक काही नको, उबदार करू या," असं तिनेच सुचवलं होतं. पडद्याचं जाडसर सुती कापड दोघींनी एका बैठकीत पसंत केलं. गालिचा, उशांचे अभ्रे, दिव्यांच्या शेड, सगळं बिनबोभाट पार पडलं. घोडं अडलं ते पलंगामागच्या भिंतीपाशी.

त्यात मुलीची ती पद्धत. पुठ्ठा पलंगाच्या डोक्याशी उभा करायचा, मावशींना त्याच्यापुढे बसवायचं आणि आपण दारात जाऊन डोळे बारीक करून बघायचं. मग पडदा अर्धा ओढायचा, कोपऱ्यातला दिवा लावायचा, परत दारात जायचं. आणि मान हलवायची. ती नाटकांची प्रकाशयोजना करायची, त्यामुळे उजेडाचे हे उद्योग मावशींना समजत होते. आपल्याला मध्ये का बसवतात, तेवढं समजत नव्हतं.

"नाही. जमत नाहीये," मुलगी म्हणायची, आणि नेमकी तेव्हाच तिची नजर पुठ्ठ्यावर नसायची, मावशींवर असायची.

बाबा डोकावले. "मला विचाराल तर सगळे एकच. कुठे दूध कमी, कुठे जास्त, पण सगळा चहाच."

"बाबा, तुला कुणी विचारलंय?"

"झोपताना दिवा तर बंदच करणार ना?"

"म्हणूनच तुला मत नाहीये. जा बरं."

बाबा निमूटपणे गेले. मावशींना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. प्रयोगशाळेत एखादी तपासणी पुन्हा पुन्हा बिघडली तर त्या वैतागत नसत. दर वेळी काय बदललं आणि काय तसंच राहिलं, एवढंच बघत. इथे रंग दर वेळी वेगळा होता. उजेडही वेगळा होता. तशाच राहिल्या होत्या त्या फक्त मावशी.

उत्तर समोर होतं. आईच्या जागी दुसरी बाई बसलेली पोरीला बघवत नव्हती, आणि तोंडावर सांगायला जीभ रेटत नव्हती. यात पोरीची काही चूक नव्हती. पण तिच्या मनाविरुद्ध या घरात पाऊल टाकणं मावशींना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी ठरवून टाकलं. आत्ताच विचारायचं. पोरीला आपण नको असलो, तर लग्न नाही.

मुलीने शेवटचा पुठ्ठा आणून टेकवला. मातकट, फिका, किंचित गुलाबीकडे झुकणारा.

"बसा, मावशी. हनुवटी जरा वर."

"थांब. एक विचारते, खरं सांग," मावशी म्हणाल्या. "तुला हे रंग नको आहेत, की मी नको आहे? मला राग येणार नाही. लग्न थांबवता येतं. बाबांना मी समजावीन."

मुलगी दिव्याच्या बटणावर बोट ठेवून तशीच उभी राहिली. मग येऊन पलंगाच्या कडेला टेकली.

"आई शेवटी शेवटी इथेच झोपून असायची," ती म्हणाली. "तेव्हा भिंत फिकी हिरवी होती. शांत वाटावं म्हणून बाबाने दिलेला रंग. त्याची सगळी झाक तिच्या तोंडावर यायची. मी घाबरून दारातच थांबायचे, आत यायचेच नाही. पुढे हे काम शिकायला लागले तेव्हा कळलं, तिचा निम्मा आजार भिंतीचा होता."

मावशींनी मान वळवून पांढऱ्या भिंतीकडे बघितलं.

"भिंत कोण बघतंय इथे? मी तुमचा चेहरा बघतेय. वाळूच्या रंगात तुम्ही दमलेल्या दिसलात. गव्हाळात तर चक्क कावीळ. मला या खोलीत रोज सकाळी चहा घेऊन यायचंय, मावशी, आणि दारात थांबायचं नाहीये."

ती उठली, दारापाशी गेली आणि तिने डोळे बारीक केले.

"हं, बसा आता नीट. आणि असं रडवेलं तोंड केलंत, तर कुठलाच रंग पास होणार नाही."