तांदळाची वाफ

गणेश चतुर्थीच्या सकाळी बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या कानेमोतो आजी. वासाची तक्रार असणार, दुसरं काय! जपानमध्ये, कावासाकीत आल्यापासून मी फोडणीसुद्धा खिडक्या लावूनच देते.

"माफ करा, आज आमचा सण आहे," मी घाईघाईने म्हटलं.

"तांदळाचं पीठ वाफवते आहेस ना?" असं विचारत त्या थेट आत आल्या. हात धुतले, माझ्या उकडीतला एक गोळा घेतला, पारी केली, सारण भरलं आणि कडा मिटवल्या. मोदक नाही, अर्धा चंद्र झाला.

"आमच्या कोरियन सणाला आम्ही चौघी बहिणी हे करायचो." त्यांचा आवाज झोपेतल्यासारखा झाला होता. "आत तीळ आणि मध. आई खाली पाइनची पानं पसरून वाफवायची. जिचा चंद्र सुबक, तिला मुलगी देखणी होणार, म्हणायची."

तीन वर्षं दारावरची जपानी नावाची पाटी वाचून मी त्यांना जपानीच समजत होते.

"मी सगळ्यांत धाकटी. वाफ आली की माझं एकच काम, पळत जाऊन खिडक्या लावायच्या. वास गल्लीत गेला, तर आपण कोण ते जपानी शेजाऱ्यांना कळेल ना!"

मोदकपात्रातून वाफ यायला लागली. आजी लगबगीने उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि माझी बंद खिडकी त्यांनी सताड उघडली.