भूजलाची दिशा

बंद कारखान्याखालचे दूषित भूजल शुद्ध करण्यासाठी जमिनीत रसायन सोडायचे होते. पण विष मुरले कोठे, याची नोंद कोणीच ठेवली नव्हती. म्हणून भूजलतज्ज्ञ मुलीने तिथून निवृत्त झालेल्या वडिलांनाच बोलावले. त्यांनी बेधडक काठी रोवली.

"इथंच! वीस वर्षं मीच पिंपं ओतली. जमीन सगळं गट्ट करायची."

बोअरमध्ये शुद्धीकरणाचे जांभळे द्रावण उतरू लागले, तसे वडील कारखान्याच्या भिंतीकडे वळले. भिंतीपलीकडे त्यांचे जुने घर होते. तिथल्या विहिरीचे पाणी पिणारी मुलीची आई चाळिशीतच यकृताच्या विकाराने गेली होती.

"बाळा, इथलं पाणी जमिनीखालून कुठं जातं गं?"

मुलीच्या हातातल्या नकाशावरचे सगळे बाण त्याच विहिरीकडे वळलेले होते. तिने नकाशाची घडी घातली.



"घराच्या उलट दिशेला, बाबा."