एक साइज कमी

"अहो, आत या." पडद्यामागून तिचा आवाज आला.

तो तिची पर्स काखेत धरून पडद्याशीच उभा होता. हे चौथं दुकान. काउंटरवरच्या बाईनं मान वर करून सांगितलं, की बायकांच्या ट्रायल रूममध्ये पुरुषांना सोडत नाही. त्यानं ऐकून घेतलं आणि आत गेला.

निळा ड्रेस तिच्या खांद्यांवर अडकला होता. दोन्ही हात वर, डोकं कापडात. श्वासाबरोबर तोंडापुढचं कापड आत-बाहेर होत होतं.

"वर जात नाही, खाली येत नाही," ती आतून म्हणाली. "फाडा."

"फाडत नाही. उसवतो. हलू नकोस."

तो शिंपी होता. तीस वर्षं पुरुषांचे शर्ट-पँट शिवत आला होता. टेप, खडू आणि दोरे कापायची छोटी कात्री त्याच्या खिशात कायम असायची. त्यानं बगलेखालची शिवण बोटांनी चाचपली आणि एकेक टाका कापायला सुरुवात केली.

उद्या सकाळी दहाला त्यांच्या लेकीला नर्सिंगची पदवी मिळणार होती. आईवडिलांनाही स्टेजवर बोलावणार होते. लेकीनं तीनदा फोन करून बजावलं होतं. आणि आज हिनं कपाटातला एकेक कपडा अंगाला लावून पलंगावर टाकला होता. अंगावर धड बसेल असं काही मिळालं तरच येईन, नाहीतर तुम्ही एकटे जा आणि आईला ताप आलाय म्हणून सांगा, असं तिनं त्याला निघतानाच सांगितलं होतं.

पहिल्या दुकानानं एवढं मोठं आम्ही ठेवत नाही म्हटलं. दुसऱ्यानं गरोदर बायकांचे कपडे काढून दाखवले. तिसऱ्यानं पुरुषांच्या विभागाकडे बोट केलं. इथल्या बाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात साइज विचारली. तिनं तोंड उघडण्याआधीच त्यानं सांगून टाकली. एक साइज कमी.

शेवटचा टाका सुटला. तिनं डोकं बाहेर काढलं. केस विस्कटलेले, दंडांवर लाल वळ. आरशाकडे पाठ करून ती स्टुलावर बसली. स्टूल करकरलं, तशी लगेच उठून उभी राहिली.

"रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या शर्टाचं माप सांगता तुम्ही," ती म्हणाली. "हा मला होणार नाही, हे दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"मग?"

"ती बाई बघत होती."

"म्हणजे तुम्हाला लाज वाटली माझी."

"तुला वाटू नये म्हणून बोललो."

"वाटायची ती वाटलीच." तिनं आपले कपडे पुढ्यात धरले. "उद्या तुम्ही एकटेच जा."

त्यानं ड्रेस उलटा करून पाहिला. कापड चांगलं होतं, पण शिवणीच्या आत जादा कापडाची माया अर्धा इंचसुद्धा सोडलेली नव्हती. वाढवायला जागाच नव्हती. मग त्यानं खिशातून टेप काढला.

ती भिंतीला टेकली. "तो नको."

स्वतःच्या दुकानात माप घेताना तो आकडा मोठ्यानं बोलायचा आणि कारागीर लिहून घ्यायचा. मागच्या खोलीत तिला ते आकडे दिवसभर ऐकू यायचे. स्वतःच्या अंगाला मात्र तिनं त्याला कधी टेप लावू दिला नव्हता.

"मला आकडा ऐकायचा नाही," ती म्हणाली. "वाचायचाही नाही."

त्यानं टेप परत ठेवला. खाली वाकून एका बुटाची नाडी ओढून काढली.

"एक पुरायची नाही," ती म्हणाली.

त्यानं दुसरीही काढली आणि दोन्हींची गाठ मारली. तिला हसू आलं, ते मध्येच मोडलं, आणि ती रडायला लागली. पडद्याबाहेर माणसं होती, म्हणून आवाज न करता. तो माप घेत राहिला. छाती, कंबर, दंड. दर वेळी काळ्या नाडीवर खडूची एक खूण. तोंडातून एक अक्षर नाही.

"बाईचा कपडा कधी शिवलाय तुम्ही?" तिनं नाक पुसत विचारलं.

"नाही."

"मग कसं व्हायचं?"

"सकाळी सातला घालून बघ. नाही जमला, तर मीही जात नाही. दोघांनाही ताप आलाय म्हणून सांगू."

ती कपडे घालून बाहेर गेली आणि दाराशी दुकानाकडे पाठ करून उभी राहिली.

त्यानं ड्रेस काउंटरवर ठेवला. हा घेतो, म्हणाला, आणि अगदी असाच अजून एक द्या.

बाईनं ड्रेस उचलला. "काका, हा तर उसवलाय."

"हो. दुसराही उसवायचाय."

बाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन दुसरा घेऊन आली आणि दोन्हींच्या घड्या घालता घालता विचारलं, "दोघी बहिणींना सारखे का?"

"नाही," तो म्हणाला. "एकीलाच."

पिशवी मनगटात अडकवून तो दाराकडे निघाला. नाड्या त्यानं उघड्या तळहातावर धरल्या होत्या. खडू पुसला जाईल म्हणून मूठ मिटत नव्हता. बूट पायांतून निसटत होते, आणि ती पुढे चालायला लागली होती.