हौदाकाठचा सलाम

कोबिल बोबो हौदाकाठच्या चहावाल्याच्या बाजेवर बसलेले दिसले आणि इस्तामने गाडीचा वेग कमी केला.

नेमके आजच! म्हातारा या वेळी घरी असायला हवा होता. इस्तामची आई आणि मावशी दोन गरम नान रुमालात बांधून सकाळपासून त्याच्याच घरी जाऊन बसल्या होत्या. इस्ताम आणि नोदिराच्या लग्नाची बोलणी सगळी झाली होती. राहिलं होतं ते एवढंच, की नोदिराच्या या आजोबांनी घरी यायचं, 'हं' म्हणायचं, आणि बायकांनी नान मोडायची. बुखाऱ्यात दोन्ही घरांनी मिळून नान मोडली की सोयरीक पक्की. मग आभाळ कोसळलं तरी ती फिरत नाही. आणि आजोबा इथे तुतीच्या सावलीत निवांत चहा फुंकत होते.

इस्ताम सेगवेवर उभा होता. त्याच्या मागे रांगेत ताश्कंदची चार पाहुणी, शहर बघायला आलेली, आपापल्या सेगवेवर. सगळ्यांच्या शेवटी या गाड्यांचे मालक, जमशेद आका. आज ते मुद्दाम नजर ठेवायला आले होते.

त्याला कारणही होतं. ही दोन चाकांची उभी गाडी मोठी आज्ञाधारक. पुढे झुकलं की पळते, मागे रेललं की थांबते. आता थोरामोठ्यांपुढे छातीवर हात ठेवून झुकायचं, हे इथल्या माणसाला आईच्या दुधातून मिळालेलं. ते त्या गाडीला कोण सांगणार? गेल्या आठवड्यात शाळेतले जुने मास्तर समोर आले, इस्ताम झुकला, आणि गाडी त्याला घेऊन थेट बशांच्या दुकानात घुसली. त्याआधी एकदा तो उतरून सलाम करायला गेला, तर मागची रांग एकमेकांवर आदळली.

"झुकायचं नाही, उतरायचं नाही," जमशेद आकांनी बजावलं होतं. "सलाम काय तो घरी जाऊन कर. पुन्हा असं झालं तर मग घरीच बस."

आणि घरी बसलेल्या पोराला नात कोण देतंय! पण सलाम न करता पुढे जावं, तर कोबिल बोबो म्हणजे त्या बाबतीत जमदग्नी. धाकट्या जावयाने एकदा सलामाऐवजी नुसती मान हलवली होती. त्याच्याशी ते अजून बोलत नाहीत.

इस्तामही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. अंगणात आठवडाभर खपून त्याने तोड काढली होती. छाती जेवढी पुढे वाकवायची, तेवढंच बूड मागे काढायचं. तोल राहतो, गाडी जागची हलत नाही. बहीण बघून हसत लोळली होती. हसेना का! सलाम तर होत होता.

बाजेसमोर त्याने गाडी थांबवली. छातीवर हात ठेवला, बूड मागे काढलं, वाकला.

"अस्सलाम अलैकुम, बोबो!"

गाडी हलली नाही. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. पोरगं संस्कारी आहे म्हणायचं! उत्तराला त्याचा हात छातीकडे निघाला. इस्तामच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"अगं बाई, हे बघा तरी! अगदी बदक!" ही लोला, चौघांतली सगळ्यात बोलघेवडी. तिने छातीवर हात ठेवला आणि बूड मागे काढलं. "अस्सलाम अलैकुम, बोबोऽऽ!"

मग काय, चौघांनीही तेच केलं. एकाने तर वर बदकाचा आवाजही काढला. शेजारच्या बाजांवरचे लोक चहा सांडेपर्यंत हसले. जमशेद आकाही हसले.

म्हाताऱ्याचा हात अर्ध्यावरच राहिला. त्याने रांगेकडे पाहिलं, मग इस्तामकडे. इस्ताम अजून तसाच वाकलेला. झटकन सरळ झालं तर गाडी उसळते, म्हणून तो बिचारा हळूहळू सरळ होत होता. म्हाताऱ्याला वाटलं, याची मस्करी अजून चालूच आहे.

"बोबो, मी नाही हो... ते लोक..."

"तू पुढे होतास," म्हातारा म्हणाला. "ते तुझं बघून शिकले."

त्याने खिशातून फोन काढला. आवाज चढवला नाही.

"सूनबाई, पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडू नकोस. पुलाव पोटभर वाढ. आणि नान मोडू नका. आली तशी रुमालात बांधून परत द्या."

इस्तामचा एक पाय खाली टेकला.

"इस्ताम! उतरलास तर बघ!" मागून जमशेद आका ओरडले.

नान तर गेलीच होती. आता नोकरीही? इस्तामने पाय उचलून परत गाडीवर ठेवला. म्हातारा काठी टेकत उठला, त्याच्या अगदी जवळून गेला आणि एकदाही त्याच्याकडे न बघता हौदापलीकडच्या गल्लीत वळला.

"ए भाऊ," लोला म्हणाली, "एकदा परत कर ना! माझा व्हिडिओ हललाय."

"कर की," जमशेद आका म्हणाले. ते खुशीत होते. "उद्यापासून रोज इथेच करायचा. लोकांना आवडतंय."

"पण सलाम करू कोणाला, आका?"

"बाजेला कर."

बाजेवर म्हाताऱ्याची चहाची किटली होती. तिच्यातून अजून वाफ येत होती. इस्तामने छातीवर हात ठेवला, बूड मागे काढलं आणि वाकला.

गाडी जागची तसूभरही हलली नाही.